सुतकातले बारा आकडे

जोमा तांडेल करावे गावचा. त्याचा जन्म मिठागरावर झाला. आई मीठ ओढत होती, मधेच फावडं ठेवून शेजारच्या झोपडीत गेली आणि मोकळी झाली. हे तो कौतुकानं सांगत नसे. एखाद्या माणसानं आपला पत्ता सांगावा तसं सांगत असे.

वयाच्या बाराव्या वर्षी तो मिठागरात उतरला. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाणी तापत जायचं, जड होत जायचं आणि शेवटी पांढरं पडायचं. कुठल्या वाफ्याचं पाणी किती तापलंय हे तो हात बुडवून सांगायचा आणि ते चुकत नसे. पुढे मिठागर बंद पडलं. भाताची जमीन नव्या शहरात गेली. तिच्यावर सेक्टर आले, सेक्टरांना नंबर आले. जोमाच्या हाताला जे कळत होतं ते कोणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. मुलगा दिपेश पावणे गावाजवळच्या एका कारखान्यात लागला. जोमा खाडीत जाळं टाकायचा, पण खाडीतही आता मासळीपेक्षा तेलाचा तवंगच जास्त हाती यायचा.

उरलं होतं ते तळं. गाव त्याला गोडं तळं म्हणायचं, कारण तीन बाजूंना खारं पाणी आणि मधे हे एवढंच गोडं. देवळाकडची बाजू उथळ होती. उभं राहिलं तर पाणी छातीला लागायचं. पश्चिमेला डोह होता, दोन पुरुष खोल. वैशाखात वरचं पाणी तापलं की कटला आणि रोहू मासे त्या डोहाच्या तळाशी जाऊन बसायचे. देवळातल्या देवीच्या पूजेची घागर रोज सकाळी याच तळ्यातून भरली जायची. म्हणून गावात एक नियम होता. कोणी लिहिलेला नव्हता. ज्याच्या घरी माणूस मेलं, त्यानं बारा दिवस तळ्याच्या पाण्याला शिवायचं नाही.

नंदिनी या तळ्यावर आली ती पंच्याण्णवच्या जानेवारीत. नेरुळच्या एका इमारतीत राहणारी, मुंबईत संशोधन करणारी, तिशीच्या आतली बाई. तिला रोज तळ्याचं तापमान घेणारा माणूस हवा होता. कोणीतरी जोमाचं नाव सांगितलं.

"हवा तापत चाललीय, काका," ती पायरीवर बसून सांगू लागली. "इथलीच नाही, सगळ्या जगाची. थोडी थोडी. हवा तापली की तळ्याचं पाणी किती तापेल, वर किती, तळाला किती, ते मला शोधायचंय. कॉम्प्युटरमधे एक तळं करायचं. त्याला ऊन द्यायचं, वारा द्यायचा. मग पन्नास वर्षांनी ते कसं असेल ते बघायचं."

जोमानं जरा विचार केला. "म्हंजे कागदावरचं मिठागर."

"हो. तसंच."

"मंग त्याचं मीठ कोन खानार?"

नंदिनी हसली. तिनं त्याला एक पत्र्याचा डबा दिला. आत थर्मामीटर, खाली शिसं, वर दोरी. डबा डोहात हवा तितका खोल सोडायचा, तिथलं पाणी त्यात भरू द्यायचं, वर ओढायचा आणि आकडा वाचायचा. सकाळी सातला, दुपारी दोनला. एकदा वर, एकदा तळाला. आणि तिनं दोन गोष्टी बजावल्या. डबा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही, कारण प्रत्येकाची नजर वेगळी. आणि वहीत जागा रिकामी सोडायची नाही.

जोमाची शाळा चौथीपर्यंत झाली होती. आकडे तो कोरल्यासारखे काढायचा. दोन वाजायला आले की ताटावरून उठायचा. त्याची बायको पुतळा म्हणायची, "तल्याचा ताप बघाया पलतोस. माझा बघितलास का रं कवा?"

"तुझ्या तापाला काय डबा लागतोय? आवाजावरून कलतंय."

असं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुतळेला खरोखरच ताप आला. मलेरिया डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी, आठ मेला, ती गेली. अंगणात माणसं बसली होती. जोमा भिंतीला टेकून होता. त्याचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

नंदिनी त्या महिन्यात बंगळूरला गेली होती, कॉम्प्युटरचा कसलासा प्रोग्रॅम शिकायला. तिचा फोन नंबर जोमाकडे नव्हता.

नऊ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्याचं अंग आपोआप उठलं. खुंटीवरून डबा काढला आणि मग तो उंबऱ्यात थांबला. तळं समोर होतं, पन्नास पावलांवर. तिथे जायचं नव्हतं. डबा दुसऱ्याला द्यायचा नव्हता. वही रिकामी ठेवायची नव्हती. एक नियम देवीचा, दोन त्या पोरीचे. तिन्ही मोडायचे नाहीत, एवढंच त्या दिवशी त्याच्या डोक्यात राहिलं होतं. बाकी डोकं जागेवर नव्हतं.

अंगणात सिमेंटचा हौद होता, नळाच्या पाण्यानं भरलेला. त्यात त्यानं डबा बुडवला. आकडा वाचला. हौद उथळ, तळं एवढं तापायचं नाही. म्हणून दीड अंश कमी केला आणि 'वर' असं लिहिलेल्या रकान्यात मांडला. तळासाठी आणखी चार अंश उतरवले. मिठागरात आयुष्य गेलेल्या माणसाचा तो हिशोब होता. दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

त्या दिवसांत ऊन असं पडलं होतं की पानं हलत नव्हती. नवव्या दिवशी सकाळी तळ्याकडून ओरडा झाला. पाण्यावर पांढरं काहीतरी पसरलं होतं. जोमाला घरातून दिसलं: कटल्यांची पोटं. गाव टोपल्या घेऊन धावलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. त्या दुपारी हौदाच्या आकड्यातून दीड वजा करायचा तो त्यानं एकच केला आणि तळासाठी चाराऐवजी तीन. एवढे मासे मेले म्हणजे पाणी तेवढं तापलं असणारच, असं त्याला वाटलं.

जूनमधे नंदिनी परतली. पुतळेचा फोटो पाहून ती रडली. मग तिनं वही उघडली. "एकही जागा रिकामी ठेवली नाहीत, काका. अशा दिवसांतसुद्धा." तिनं सगळे आकडे उतरवून घेतले. जोमानं तोंड उघडलं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाचशे दिवसांतले बारा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटून त्यानं ते मिटलं.

दीड वर्षानं नोटीस आली. तळ्याचा पश्चिमेचा भाग, म्हणजे डोह, भराव टाकून बुजवायचा. त्यावरून रस्ता आणि मार्केट. उरलेल्या भागाला दगडी कठडा, दिवे, बाकं. गावाचं म्हणणं ऐकायला सरकारी साहेब समाजमंदिरात येणार होते.

गावात किसन म्हणून एक तरणाताठा माणूस होता, रेती-विटांचा धंदा करणारा, बोलायला पुढे. तो म्हणाला, "नुसती बोंबाबोंब करून काय होनार नाय. ह्यांना कागद लागतंय. आपल्याकडं कागद हाय का?"

कागद होता. नंदिनीकडे. डोह गेला तर मासे जगायचे नाहीत असं तिचं कॉम्प्युटरमधलं तळं सांगत होतं, आणि तसा रिपोर्ट करून द्यायला ती तयार झाली. गावाचं सगळं त्या रिपोर्टावर आलं.

सुनावणीच्या तीन दिवस आधी तिनं जोमाला घरी बोलावलं. टेबलावर एक लांबलचक कागद पसरला होता. त्यावर एक रेघ, आणि रेघेच्या आसपास ठिपके.

"रेघ कॉम्प्युटरची, ठिपके तुमचे," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी बघा, रेघ आणि ठिपके जरा दूर दूर आहेत. पण हा शहाण्णवचा मे. हे बारा दिवस. रेघ तुमच्या ठिपक्यांमधून गेलीय. सगळ्यात जास्त तापलेलं पाणी, आणि त्यातच मासे मेले. याच दिवसांवर मी अख्खं मॉडेल बसवलंय, काका. हे दिवस नसते ना, तर माझ्या हातात काही नव्हतं."

जोमानं ते बारा ठिपके पाहिले. ते इतर ठिपक्यांसारखेच काळे होते.

"बाय," तो म्हणाला, "ते तल्याचं पानी नाय."

त्यानं सगळं सांगितलं. हौद, दीड अंश, चार अंश, मासे मेले त्या दिवसाचा एक आणि तीन. नंदिनीच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली. खाली सोसायटीच्या आवारात कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "सुतकाचं. मला सुचलंच नाही." मग कोरडं हसून, "हौदावरून तुम्ही तळं काढलंत. मी तरी दुसरं काय करते."

"ते बारा दिस काढले तर?"

"तर तळं तापतं, एवढंच म्हणता येतं. मासे मरतील असं नाही म्हणता येत."

"मंग?"

"मला विचार करू दे."

सुनावणीच्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. पुढे बायका, मागे पुरुष. साहेब सभ्य होते. सगळ्यांना बसा म्हणाले, चहा नको म्हणाले. किसननं दोन्ही हातांनी रिपोर्ट पुढे केला. नंदिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिनं एकदाही जोमाकडे पाहिलं नाही, आणि त्यावरून त्याला कळलं की बारा दिवस आतच आहेत.

साहेबांनी पानं उलटली. चांगलं काम आहे, म्हणाले. मग एक परिच्छेद मोठ्यानं वाचला. "नऊ मे ते वीस मे एकोणीसशे शहाण्णव या बारा दिवसांत डोहाच्या तळाचं पाणीही धोक्याच्या पातळीपर्यंत तापलं व मासे मोठ्या संख्येनं मेले. डोह बुजवल्यास अशी स्थिती दर उन्हाळ्यात येईल." त्यांनी मान वर केली. "हे आकडे कोणी घेतले?"

"मी," जोमा उठून म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"कंचा म्हैना बोल्लात, साहेब?" पुढच्या रांगेतून आवाज आला. राहीबाईचा. राहीबाई पुतळेची थोरली बहीण. देवीची घागर भरण्याचा मान तिच्या घरी होता.

"मे महिना, आजी. वैशाख."

राहीबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. तिची बोटं थांबली. "म्हंजे माझी पुतला गेली तवाचे दिस." ती मागे वळली. "जोमा. तू सुतकात तल्याला शिवलास?"

सगळ्या माना जोमाकडे वळल्या.

जोमापुढे दोनच उत्तरं होती. नाही म्हटलं तर आकडे खोटे. आकडे खोटे तर रिपोर्ट खोटा. गावाच्या हातातला एकुलता एक कागद तो सगळ्यांदेखत फाडणार. हो म्हटलं तर पुतळा मेल्यावर तिच्यासाठी जी एकच गोष्ट त्यानं नीट पाळली होती, ती आपल्याच तोंडानं मोडायची. त्यानं नंदिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. त्यानं खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.

"शिवलो," तो म्हणाला. "डबा सोडायचा होता. उतरलो."

एक बाई "अगं आई" म्हणाली. मग सगळ्याच बोलू लागल्या.

"ओ मावशी, ते घरचं घरी बघा," किसन ओरडला. "आथा तल्याचा प्रश्न हाय!"

"मी तल्याचंच बोलतंय," राहीबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "मासं कवा मेलं? त्याच बारा दिसांत ना? चालीस वरसं मी घागर भरतंय. उन्हाल्यात काय कधी ऊन नवतं? असं मासं कवा मेलं होतं? आमी बोलत होतो, कनाला मेलं, कनाला मेलं. आथा कललं."

किसननं कपाळावर हात मारला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे गावकऱ्यांचं म्हणणं असं, की मासे मरण्याचं कारण वेगळं होतं?"

हो म्हणायची कोणाची इच्छा नव्हती. नाही म्हणायचं धाडसही कोणाचं झालं नाही. चार-पाच बायकांच्या माना हलल्या. साहेबांनी लिहून घेतलं.

नंदिनी खुर्चीवरून उठली होती. "साहेब, मला एक..." जोमानं तिच्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी. रिपोर्ट अजून साहेबांच्या हातात होता. तो खरा म्हणून त्यांच्या फायलीत जाईल एवढी आशा शिल्लक होती. ती खाली बसली. पुढे आयुष्यभर तिला आपलं ते खाली बसणं आठवणार होतं, पण त्या वेळी ते फक्त बसणं होतं.

जानेवारीत निर्णय आला. त्यात रिपोर्टाचा उल्लेख सन्मानानं केला होता. पुढच्याच ओळीत म्हटलं होतं, की माशांच्या मृत्यूचं कारण तापमानच होतं याबाबत खुद्द ग्रामस्थांत एकमत नाही. सबब भरावास हरकत दिसत नाही.

किसन जोमाच्या दारात आला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "नाय बोल्ला असतास तरी गेलं असतं, हो बोल्लास तरी गेलं," तो म्हणाला. "तू डबा हातात धरलास तवाच गेलं म्हनायचं."

गावानं जोमाला वाळीत टाकलं असं नाही. तेवढं उघड काही झालं नाही. पारावर तो बसला की बाकीच्यांना कामं आठवायची. देवीच्या जत्रेत कोणी त्याला आत येऊ नको म्हटलं नाही. फक्त तो रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्या पुढे आणि मागे दोन दोन हात जागा मोकळी राहिली. पुतळेच्या वर्षश्राद्धाला राहीबाई जेवून गेली होती. पुढच्या खेपेला तिच्या घरी पाठवलेलं जेवणाचं पान तिनं परत पाठवलं.

"बाबा, टेन्शन नको घेऊ," दिपेश म्हणाला. "आपन सेक्टरात रूम बघू. तिकडं कोन कोनला विचारतंय?"

"तेच तं," जोमा म्हणाला आणि गेला नाही.

नंदिनी आली तेव्हा डंपर लागले होते. पश्चिमेला लाल माती पडत होती आणि डोहाचं पाणी गढूळ होऊन देवळाकडे सरकत होतं. "मी गावात सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "तुम्ही उतरला नव्हता. चूक माझी आहे. मी कळून सवरून ते आकडे ठेवले."

"कोन ऐकंल? बोलतील, आथा अंगाशी आलं तवा शिकवून आनलीय." तो मातीकडे बघत होता. "तुझ्या वहीतले काढून टाक ते दिस."

तिनं ते काढले. तिच्या प्रबंधाचं काम दोन वर्षं मागे गेलं. कॉम्प्युटरमधलं तळं तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं, शहाण्णवच्या मे महिन्यात बारा रिकामे चौकोन ठेवून. त्यासाठी नवे आकडे हवे होते. जोमा डबा सोडत राहिला. आता त्याला कोणी विचारत नव्हतं आणि कोणी अडवतही नव्हतं. दोरीचे आता दोनच हात लागायचे.

अठ्ठ्याण्णवचा मे फार वाईट होता. चौदा तारखेला दुपारी त्यानं वहीत लिहिलं: वर चौतीस पूर्णांक एक, तळाला तेहतीस पूर्णांक आठ. वर आणि तळ असे दोन रकाने भरायला त्याला लाज वाटली. माशांना जायला खाली जागाच नव्हती. ते कडेकडेनं तोंड वर काढून फिरत होते आणि नव्या कठड्यावरून सेक्टरातली माणसं ते बघायला थांबत होती. एक बाई मुलाला म्हणाली, "बघ, कसे श्वास घ्यायला वर येतात."

पंधराला सकाळी ते मेलेले होते. सगळे. मोठा जिताडा मासा होता एक, कोणीतरी पिल्लू असताना सोडलेला, तोही. जोमा कंबरभर पाण्यात उभा राहून टोपली भरत होता. मदतीला कोणी उतरलं नाही. नंदिनी काठावर बसून त्याचे कालचे आकडे उतरवत होती. आदल्या आठवड्यात तिच्या नव्या रेघेनं जे सांगितलं होतं त्याच्याशी ते जुळत होते. ती ते जोमाला बोलली नाही.

राहीबाई घागर घेऊन पायरीवर आली आणि थबकली. पाण्याकडे, मग जोमाकडे, मग परत पाण्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. गावातली घरं मोजत असावी.

"यंदा तं कोनाच्या घरात सुतक नाय," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

जोमानं टोपली पायरीवर ठेवली. "तवापन मी उतरलो नवतो, राहीबाय. अंगनातल्या हौदात डबा बुडवला. तल्याला शिवलो नाय."

राहीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांत तिनं असं सरळ पाहिलं नव्हतं. तिनं नंदिनीकडे पाहिलं. नंदिनीनं मान हलवली.

"मंग तवा सगल्यांदेखत कनाला बोल्लास, उतरलो म्हनून?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "कनाला बोल्लास रं?"

जोमा दुसरी टोपली घ्यायला वळला.

"तवा तलं होतं," तो म्हणाला.